काकूंचा निळा जून

चंडीगडात ऋतू किती, असं वैरागडे काकूंना विचारलं की त्या चार सांगत. स्वेटर ठेवून द्यायचा, कूलर लावायचा, कूलर झाकायचा आणि स्वेटर काढायचा. वसंत, ग्रीष्म वगैरे त्यांनी शाळेत पाठ केले होते, पण ते परीक्षेपुरते. या चार ऋतूंवर त्यांचा सगळा कारभार चालायचा. कारभार म्हणजे अल्बम करणं, आणि तेही फक्त निघून जाणाऱ्या माणसांसाठी.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत निघून जाणारी माणसं भरपूर. कोणी बँकेत, कोणी सरकारी कंपनीत, कोणी केंद्राच्या कुठल्या तरी खात्यात. बदलीचा कागद आला की मुलांच्या शाळेचे दाखले काढायचे, खोकी भरायची आणि सुटायचं. मोहालीच्या आयटी कंपन्यांतले माझ्यासारखे तर कागदाचीही वाट बघत नाहीत. वैरागडे काका नोकरीत असेच देशभर फिरले आणि निवृत्त झाल्यावर चंडीगडला लागून असलेल्या पंचकुल्यात घर बांधून एकदाचे थांबले. फिरण्याच्या त्या दिवसांत एका बदलीत सामानाच्या ट्रकवरची ताडपत्री फाटली, पाऊस आत आला आणि घरातले सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. त्यांच्या मुलीचं, सोनलचं बाळपण त्या लगद्यात गेलं. काकू वर्ध्याच्या, बोलायला मोकळ्या, पण हा विषय निघाला की त्या उठून चहा ठेवायला जात. आपल्या ओळखीतला कोणीही चंडीगड सोडताना रिकाम्या हातानं जाणार नाही, हे मात्र त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले तो मार्च होता. इथल्या झाडांची पानगळ मार्चमध्ये होते, हे मला माहीत नव्हतं. सकाळी खाली उतरले तर काकू फुटपाथवर वाकून पालापाचोळा चिवडत होत्या. नवी भाडेकरू म्हणून चांगलं दिसावं, या हिशेबानं मी झाडू आणते म्हणाले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झाडू कायले? मले तीनच पानं पायजे. बाकीचा कचरा सरकारचा आहे."

ती पानं काकांच्या ताब्यात जायची. काकांकडे रेल्वेची जुनी जाडजूड वेळापत्रकं होती. त्यांतल्या गाड्या केव्हाच बंद झाल्या असतील, पण पानं दाबायला वेळापत्रकं उत्तम. काका मितभाषी. दिवसभरात त्यांचं बहुतेक बोलणं 'हं' या एका अक्षरात भागायचं, आणि त्याच एका अक्षरात होकार, नकार, कौतुक आणि कंटाळा असे चारही प्रकार काकूंना वेगवेगळे ऐकू यायचे.

काकूंचं पान अर्धं लॅपटॉपवर तयार व्हायचं आणि अर्धं हातानं. लॅपटॉप सोनलनं बंगळूरहून पाठवलेला. इंटरनेटवरच्या परदेशी बायकांचे व्हिडिओ बघून त्या शिकल्या होत्या. त्यांचं इंग्रजी फारसं कळायचं नाही, म्हणून काकू आवाज बंद करून नुसते हात बघायच्या. आधी पार्श्वभूमीचा कागद, त्यावर फोटो, त्यावर एखादी फीत किंवा नक्षी, असे एकावर एक थर लावून पान स्क्रीनवर जमवायचं. ते जाड, चमक नसलेल्या कागदावर छापून आणायचं. मग छापलेल्या पानावर खऱ्या वस्तू चिकटवायच्या. दाबलेलं पान, दिवाळीच्या कंदिलाच्या झिरमिळीचा तुकडा, जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट. त्यांचं म्हणणं असं की पानावर बोट फिरवलं की काहीतरी लागलं पाहिजे, नाहीतर फोनमधले फोटो काय वाईट आहेत.

त्यांचे नियम होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसत. कोणाच्याही मूळ फोटोला कात्री लावायची नाही. तो स्कॅन करायचा आणि ज्याचा त्याला परत द्यायचा. एका पानावर फोटोंची गर्दी करायची नाही. आणि सावल्या. स्क्रीनवर फोटोखाली बारीकशी सावली टाकता येते, त्यामुळे तो कागदावरून उचलल्यासारखा दिसतो. मी हौसेनं एक पान करून दाखवलं, तर त्यांनी पहिल्यांदा सावल्याच तपासल्या. माझ्या एका फोटोची सावली डावीकडे पडली होती, दुसऱ्याची उजवीकडे. "सूर्य एकच आहे ना, बाप्पा," त्या म्हणाल्या आणि सगळ्या सावल्या एका बाजूला करून घेतल्या. ऑफिसात माझ्या कामातल्या चुका लोक इतक्या थोडक्यात सांगत नाहीत.

त्यांचं सगळ्यांत गाजलेलं पान म्हणजे धुक्याचं. सुखना तलावाकाठचा फोटो छापून त्यावर त्या बटर पेपरचा पडदा लावायच्या, फक्त वरच्या कडेला चिकटवून. आधी नुसतं पांढुरकं काहीतरी दिसायचं. पडदा उचलला की धुक्यातून माणसं बाहेर यायची, मफलर गुंडाळलेली, नाकं लाल झालेली. निरोपाच्या जेवणाला अल्बम हातोहात फिरायचा तेव्हा मोठी माणसंसुद्धा तो पडदा पुन्हा पुन्हा उचलून बघायची.

आणि मग काकूंचा जून निळा झाला.

नक्की कधी ते सांगता येणार नाही, कारण तो हळूहळू झाला. आधी फक्त उन्हाळ्याची पानं जराशी थंड वाटू लागली. मग दिवाळीच्या पणत्यांचा उजेड ट्यूबलाइटसारखा पडू लागला. कूलरच्या ऋतूचं काकूंचं ठरलेलं चित्र म्हणजे आमच्या रस्त्यावरचा बहावा, इथे त्याला अमलतास म्हणतात. तो पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेला असायचा, पण अल्बममध्ये मात्र मेणचट, फिकट यायचा आणि त्याच्या खाली उभी माणसं थंडीनं काकडल्यासारखी दिसायची. मराठी मंडळींत त्यावर थट्टा सुरू झाली. वैरागडे काकूंचा जून बघितला की स्वेटर घालावासा वाटतो, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. अर्थात काकूंच्या माघारी. तोंडावर कोण सांगणार? ज्या बाईनं दोन महिने खपून तुमच्यासाठी अल्बम केला आणि तो देताना जिचे डोळे भरून आले, तिला तुमचा रंग चुकला म्हणायला फार मोठी छाती लागते. आम्ही सगळे छान छान म्हणत राहिलो.

त्याच सुमाराला काकूंचं सेक्टर सतराच्या छपाईवाल्याशी बिनसलं. हा एक वयस्कर सरदारजी, काकूंची पानं वर्षानुवर्षं छापणारा. त्या मशीन सुरू असताना शेजारी उभ्या राहायच्या आणि तो त्यांना स्टूल द्यायचा. आता काकूंची तक्रार अशी की तो पानं पिवळी छापतो. स्क्रीनवर एक दिसतं आणि कागदावर दुसरं उतरतं. त्यानं मशीन साफ केलं, शाई बदलली, काकूंचं समाधान होईना. शेवटी त्या तणतणत बाहेर पडल्या आणि मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या एका पोराटोरांच्या दुकानात जाऊ लागल्या. तिथे पान स्क्रीनवर होतं तसंच छापून मिळालं. काकू खूश झाल्या. आमचे मात्र डोळेच पांढरे व्हायची वेळ आली, कारण यापुढचे अल्बम नुसते थंड नव्हते, ते चक्क निळे होते.

पुढची गोष्ट भोयर कुटुंबाच्या अल्बमच्या वेळची. भोयरांची बदली गुवाहाटीला झाली होती. त्यांच्या दसऱ्याच्या पानावर काकूंनी छापील झेंडूच्या शेजारी खऱ्या झेंडूची वाळवलेली पाकळी चिकटवली. पाकळी केशरी होती आणि तिच्या बाजूचा छापील झेंडू राखाडी. काकूंना दोन्हींत काहीतरी वेगळं आहे एवढं जाणवलं, पण काय ते उमगेना. त्यांनी मला खाली बोलावलं. फायलीत बिघाड आहे का ते पाहून दे म्हणाल्या. काका मागे बसून मटार सोलत होते.

मी फाइल उघडली. रंगांच्या पट्ट्या असतात, त्यांतली निळ्याची पट्टी पार टोकाला सरकवलेली होती. मी जपून विचारलं की निळा रंग त्यांनी वाढवलाय का.

"वाढवला नाही," काकू म्हणाल्या. "पिवळं कमी केलं. आजकाल सगळ्यावर हळद सांडल्यासारखं दिसते. तेवढं पुसते फक्त."

स्क्रीनवर त्याच पानातला काकांचा फोटो होता, दसऱ्याच्या दिवशी पांढरा कुर्ता घालून दारात उभे राहिलेले. मी विचारलं, "आत्ता इथे काकांचा कुर्ता कोणत्या रंगाचा दिसतो?"

"पांढरा. दुसरा कोणता असणार?"

कुर्ता आकाशी होता. मागे मटाराच्या शेंगा फोडल्याचा आवाज थांबला आणि काका म्हणाले, "मंदा, तो निळा आहे."

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. त्या भांडतील असं मला वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि सांगितलं की त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी रंग गेले, मग कडा गेल्या, मग सगळंच गेलं. शेवटची दहा-बारा वर्षं आई भिंतीला हात लावून चालायची. डोळ्यांत काहीतरी बिनसलंय हे काकूंना बऱ्याच दिवसांपासून कळत होतं. म्हणूनच त्या चौकातला वाहतुकीचा मोठा गोल ओलांडून पलीकडच्या बाजारात जायच्या बंद झाल्या होत्या, आणि आम्हाला वाटायचं गुडघे दुखतात.

"डॉक्टरकडे काहून नाही गेली?" काकांनी विचारलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला प्रश्न.

"गेली असती तर त्यानं सांगितलं असतं," काकू म्हणाल्या. "सांगेपर्यंत तरी अल्बम करता येत होते ना मले."

काका उठले, सोललेले मटार फ्रिजमध्ये ठेवले आणि म्हणाले, उद्या जायचं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले. डोळ्यांत थेंब घालून काकू बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. तपासण्या बराच वेळ चालल्या. शेवटी एका तरुण पंजाबी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला, आणि बाकी काहीही नाही. पडदा ठीक, नस ठीक, डोळ्यातला दाब ठीक. आईचं जे होतं ते हे नव्हे. मोतीबिंदू पिकला की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, म्हणून सगळं पिवळट दिसतं. शस्त्रक्रिया केली की झालं.

मला इतकं हलकं वाटलं की तिथेच हसू फुटलं. काकूंनी डॉक्टरीणबाईंना तीन वेळा पक्का ना, पक्का ना विचारलं. काका आम्हाला घेऊन खाली कँटीनमध्ये गेले आणि पथ्याबिथ्याचा विचार न करता एकामागून एक दोन प्लेट छोले-भटुरे खाऊन मोकळे झाले. काकूंनी त्यांना एका शब्दानं अडवलं नाही.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली. पट्टी निघाल्यावर काकूंनी समोर बघितलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "अहो, तुम्ही इतके गोरे कधी झाले?" काका म्हणाले, हं. हा कौतुकाचा हं होता, तो मलासुद्धा ओळखू आला.

मग घरात त्यांचा फेरफटका सुरू झाला. स्वयंपाकघरातल्या फरशा पांढऱ्या आहेत, बाल्कनीतलं आकाश निळं आहे, गॅसची ज्योत निळी आहे. डावा डोळा अजून जुनाच होता. त्यामुळे त्या एक डोळा हातानं झाकायच्या, बघायच्या, मग दुसरा झाकायच्या आणि पुन्हा बघायच्या. हा जुना, हा नवा, असं स्वतःशी पुटपुटायच्या. भाजीवाल्याच्या गाडीपाशी उभ्या राहून त्यांनी असं करायला सुरुवात केली तेव्हा तो बिचारा बावरला.

चार दिवसांनी त्यांनी भोयरांचा अल्बम उघडला. मी तिथेच होते. त्यांनी जूनचं पान काढलं, डावा डोळा झाकला आणि बघतच राहिल्या. बहावा रोग पडल्यासारखा दिसत होता. भोयरांची धाकटी हसत होती आणि तिचे दात निळे होते. काकूंनी एकेक पान उलटलं आणि अल्बम बंद केला. मग विचारलं, "हे असेच सगळे गेले? भोपाळले, नाशकाले, विशाखापट्टणमले?"

मी हो म्हटलं.

"आणि तुम्ही सगळे छान म्हणून राहिले होते."

काकूंना डोळे मिळाले त्याचा आनंद होता आणि त्याच डोळ्यांनी हे बघावं लागल्याची लाज होती, दोन्ही एकदम. स्वतःच्या फोटोंचा लगदा झाला म्हणून ज्या बाईनं हे व्रत घेतलं, तिनं आपल्या हातानं दुसऱ्यांचे फोटो बिघडवले, असं त्यांच्या मनानं घेतलं. सगळे अल्बम परत मागवायचे आणि नव्यानं छापून द्यायचे, असं ठरवून त्यांनी फोन लावायला सुरुवात केली.

कोणी परत द्यायला तयार होईना. नाशिकच्या देसायांनी सांगितलं की ही काकूंची खास शैली आहे असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगतात, आता परत पाठवून शोभा कशाला करायची. विशाखापट्टणमवाल्यांनी विषयच बदलला. भोपाळच्या स्मितानं नाही नाही म्हणत फोन आपल्या मुलीकडे, इराकडे दिला. इरा इथे दुसरीपर्यंत शिकली होती. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"आजी, वापस क्यों चाहिए? वो तो मेरा है।"

काकूंनी तिला समजावलं की त्यातले रंग चुकलेत, सगळं निळं छापलं गेलंय, आजी दुसरा चांगला करून देईल.

"पर चंडीगढ़ तो ऐसा ही था," इरा म्हणाली. "सुबह, जब स्कूल बस आती थी। तब सब ब्लू होता था, आजी। आपको याद नहीं?"

काकू म्हणाल्या, ठेव, तुझाच आहे तो. फोन ठेवल्यावर त्यांनी इतका वेळ गार होत असलेला चहा एका घोटात संपवला. नंतर कोणालाही फोन केला नाही. भोयरांचा अल्बम मात्र अजून हातातच होता, तो पुन्हा छापला.

त्यासाठी सेक्टर सतरामध्ये जाणं भाग होतं. सोनलनं नागपूरला गेली असताना आणलेली संत्रा बर्फी घेऊन काकू सरदारजीच्या दुकानात गेल्या आणि सरळ माफी मागितली. मशीन ठीक होती, माझे डोळे खराब होते, असं त्यांनी आपल्या वर्ध्याकडच्या हिंदीत सांगितलं. सरदारजीनं बर्फी घेतली, स्टूल पुढे केलं आणि जरा खाकरून एक गोष्ट कबूल केली. काकूंच्या पानांत निळा जास्त यायला लागला तेव्हा सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून तो छापण्याआधी गुपचूप थोडा निळा कमी करत होता. म्हणजे काकूंना त्याची पानं पिवळी दिसत होती ते बरोबरच होतं. त्याच्या भलेपणावर चिडूनच त्या मनीमाजऱ्याला गेल्या होत्या. काकू त्या स्टुलावर बसून पोट धरून हसल्या.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया महिन्याभरानं झाली आणि तीही नीट पार पडली. तेव्हापासून काकूंनी एक नवा नियम केला. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही आणि लोकांच्या छान म्हणण्यावर तर मुळीच नाही. छापलेलं पान घेऊन ज्याचा फोटो आहे त्या जागी जायचं आणि समोर धरून ताडून बघायचं. गुलाबाचं पान गुलाबाजवळ, धुक्याचं धुक्यात. मोठा गोल ओलांडून त्या पुन्हा बाजारात जाऊ लागल्या. दोन्ही डोळे आता सारखेच होते, तरी एक झाकून दुसऱ्यानं बघायची सवय काही गेली नाही.

मग माझीच निघायची वेळ आली. पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळाली होती आणि महिना होता जून. अल्बमची बाकी पानं आदल्या दिवशी मला मिळाली होती. थंडीच्या पानावर माझ्या उसवलेल्या स्वेटरची लोकर होती, मार्चच्या पानावर काकांच्या वेळापत्रकातून निघालेलं पान. फक्त कूलरचा ऋतू राहिला होता. पिवळा मनासारखा येत नाही म्हणून काकूंनी तो दोनदा परत छापायला पाठवला होता.

टॅक्सी दारात उभी, सामान आत, आणि काकूंचा पत्ता नाही. काकांनी रस्त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. बहाव्याखाली काकू उभ्या होत्या, रणरणत्या उन्हात, हातात छापलेलं पान धरून. मी टॅक्सी तिथवर न्यायला सांगितली आणि उतरले. त्यांनी डावा डोळा झाकला आणि पानाकडे, मग झाडाकडे बघितलं. उजवा झाकला आणि पुन्हा तेच. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, त्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही.

मी विचारलं, "काकू, कोणत्या डोळ्यानं जमलंय?"

"दोन्हीनं," त्या म्हणाल्या आणि पान माझ्या हातात दिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला, पोचल्यावर फोन कर म्हणाल्या आणि मला टॅक्सीत ढकललं.

टॅक्सी निघाल्यावर मी पानावर बोट फिरवलं. बहाव्याची पाकळी टिकत नाही, काळी पडते, म्हणून त्यांनी कूलरच्या वाळ्याची एक काडी कडेला शिवली होती. तिला अजून थोडा वास होता. चौकात वळताना मी मागच्या काचेतून बघितलं. काकू तिथेच होत्या. हातात आता पान नव्हतं, ताडून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्या मान वर करून त्या पिवळ्या झाडाकडे बघत उभ्या होत्या, दोन्ही डोळे उघडे ठेवून.